रिलिव्हर आल्याशिवाय

मेश्राम साहेबांना मी पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा ते टीव्हीशी भांडत होते.

"अलार्म येऊन राहिला ना गा. कोणी बटण काहून नाही दाबत?"

टीव्हीतला माणूस अर्थातच ऐकत नव्हता. त्याच्या मागं भिंतभर दिवे लुकलुकत होते आणि तो कोणाशी तरी इंग्रजीत गप्पा मारत होता. मेश्राम साहेब खुर्चीच्या कडेवर येऊन बसले होते. "ती लाल बत्ती पहा. लाल बत्ती लागली की आधी अलार्म घ्या, मंग बोला. हा तं पाठ करून उभा आहे." टीव्ही काळा-पांढरा होता, पण लाल बत्ती कोणती ते त्यांना बरोबर कळायचं.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. नागपुरात टीव्ही नवा होता आणि आम्ही कोराडीच्या कॉलनीत राहत होतो. माझे यजमान वीज केंद्राच्या ऑफिसात होते, मी कॉलनीच्या शाळेत इंग्रजी आणि भूगोल शिकवायची. वाळत घातलेल्या पांढऱ्या साडीवर संध्याकाळपर्यंत राखेची साय धरायची, तिला झटकून आम्ही तीच साडी नेसायचो. आमच्या रांगेतला पहिला टीव्ही मेश्राम साहेबांकडं आला. लाकडी शटरचा, चार पायांवर उभा, वर मेश्रामबाईंनी विणलेला रुमाल.

रविवारी सकाळी दहाला एक परदेशी मालिका लागायची. तिचं इंग्रजी नाव लांबलचक होतं. आमची अख्खी कॉलनी तिला 'दिवा' म्हणायची. "आज दिवा आहे ना?" असं एकमेकांना विचारायचो. अंतराळात, सगळ्या वस्तीपासून लांब, एक ठाणं. त्या ठाण्यावर एक प्रचंड दिवा. जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांना वाट कळावी म्हणून तो पेटता ठेवायचा, एवढंच काम. सहा माणसं पाळ्या करून ते सांभाळतात आणि त्यांची प्रमुख एक पिकल्या केसांची बाई. आम्ही तिला कप्तानबाई म्हणायचो. दर रविवारी काहीतरी संकट यायचं आणि दिवा विझतो की काय असं व्हायचं.

आता सांगितलं तर कोणाला काय वाटेल कोण जाणे, पण माणूस चंद्रावर गेल्याची बातमी रेडिओवर ऐकली तेव्हा मला जे वाटलं नव्हतं ते हा 'दिवा' बघताना वाटायचं. दरीवर, म्हणजे सतरंजीवर, पंचवीस-तीस माणसं बसलेली असायची आणि कोणी खोकतसुद्धा नसे.

मेश्राम साहेब कंट्रोल रूममध्ये शिफ्ट इंचार्ज होते. बुटके, काळेसावळे, शर्टाच्या खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल. चालताना मान जराशी एका बाजूला कललेली. ही मान का कलते ते मला पुढं कळलं, सांगतेच. त्यांना ही मालिका इतकी का आवडते हे मी एकदा विचारलं. मला वाटलं विज्ञानाबद्दल काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "बाई, त्या ठाण्यात सहा माणसं आहेत. एक काळा, एक चिनी, बाकी आपापल्या जागचे. आजपावतर कोणी कोणाले आडनाव विचारलं का?"

आमच्या कॉलनीत तर आडनाव विचारल्याशिवाय कोणी पाणी पीत नसे. मेश्राम साहेब छप्पन साली सतरा वर्षांचे होते. वडिलांबरोबर दीक्षा घेऊन आले आणि पुढं दिव्याखाली अभ्यास करून इंजिनीअर झाले. टीव्ही बघायला त्यांच्याकडं सगळे जात. मेश्रामबाई चहा घेऊन आल्या की मात्र निम्म्या लोकांनी आत्ताच घेतलेला असे. खोटं कशाला बोलू, मीही पहिले चार-पाच रविवार उपास आहे म्हणून सांगितलं. रविवारी कसला उपास, मेश्रामबाई काय समजल्या नसतील? पण त्या एकदाही काही बोलल्या नाहीत आणि कपबशी मात्र दर वेळी माझ्यापुढं आणली. सहाव्या रविवारी मी चहा घेतला. चांगला होता, आलं जरा जास्त.

मी इंग्रजी शिकवायची म्हणून टीव्हीच्या शेजारची जागा माझी. कोण काय बोललं ते मी मराठीत सांगायची. माझ्या एका बाजूला भोयर फिटर बसायचे, सावनेरकडचे, रविवारी शेतावर जायचं सोडून दिव्यासाठी थांबणारे. दुसऱ्या बाजूला स्टोअरमधले चौबेजी. ते सगळं समजल्यासारखी मान हलवत आणि शेवटी विचारत, "मतलब क्या हुआ, बाई?"

मेश्राम साहेबांची अडचण अशी की त्यांची ड्यूटी पाळ्यांची होती. सकाळच्या पाळीचा आठवडा आला की रविवारी दहाला ते कंट्रोल रूममध्ये. मग दुपारी तीनला सायकलवरून थेट माझ्या दारात. हेल्मेट हातात, कपाळावर त्याचा वळ.

"सांगा जी."

मी पहिल्यांदा पाच मिनिटांत उरकलं. एक जहाज आलं, त्यात रोगाची साथ होती, डॉक्टरनं औषध शोधलं, संपलं. मेश्राम साहेब ऐकून घेऊन म्हणाले, "जहाज कोणत्या बाजूनं आलं?"

"मला काय माहीत कोणत्या बाजूनं?"

"डॉक्टर आत गेला तेव्हा दिव्यापाशी कोण होतं?"

"मी पाहिलं नाही."

"बाई, कोणीतरी असनच. दिवा सोडून सहाच्या सहा कसे जातीन?"

मला राग आला. सातवीच्या पोरांची मी अशी उलटतपासणी घेते, माझी कोणी घ्यावी याची मला सवय नव्हती. पण पुढच्या खेपेला मी नीट पाहिलं. दिव्यापाशी कोण बसलंय, खिडकीबाहेर काय आहे, खुर्ची रिकामी किती वेळ होती. आणि मला दिसू लागलं की मालिका करणाऱ्यांनी खरंच दर वेळी कोणाला तरी दिव्यापाशी बसवलेलं असायचं, कोपऱ्यात, न बोलता. आमच्यातल्या कोणाचंही तिकडं लक्ष गेलं नव्हतं. आणि भाग न पाहिलेल्या माणसाला ते ठाऊक होतं. मी पोरांना शिकवत होते, पण बघायला मला त्यांनी शिकवलं.

मी सांगितलेलं ते एका रजिस्टरमध्ये लिहून घेत. कंट्रोल रूमच्या लॉगबुकासारखंच आखलेलं होतं: वेळ, घटना, काय केलं. खाली दोन सह्या. सांगणाराची डावीकडं, ऐकणाराची उजवीकडं. "चार्ज दिला, चार्ज घेतला," ते म्हणत. "दोन सह्या झाल्या की मंग ती गोष्ट झाली." मला हे सगळं फार हास्यास्पद वाटायचं आणि मी दर वेळी सही करायची.

त्यांचं एक वाक्य कॉलनीत सगळ्यांना पाठ होतं. रिलिव्हर आल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. रिलिव्हर म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस. तो आला नाही, तर आपली पाळी संपली तरी आपण बसायचं. एकदा त्यांचा रिलिव्हर दोन पाळ्या आला नाही. हे चोवीस तास बसले. मेश्रामबाईंनी डबे पाठवले. घरी आल्यावर त्या म्हणाल्या, "लेकीच्या शाळेत बोलावलं होतं तुमाले, विसरले ना?" तर हे म्हणाले, "विसरलो नाही वं. पण खुर्ची कोणाले देऊ?"

आता मानेचं सांगते. एका रविवारी 'दिवा' सुरू होता, वर पंखा फिरत होता. मेश्राम साहेबांनी एकदम मान कलती केली आणि हळूच म्हणाले, "अठ्ठेचाळीस पॉइंट आठ."

"काय?"

"लाईन. पन्नास पाहिजे. खाली येऊन राहिली."

मी म्हटलं, काहीही. शेजारच्या क्वार्टरमध्ये ऑफिसचा फोन होता. मी हट्टानं उठले, चौबेजींना घेऊन तिकडं गेले आणि कंट्रोल रूमला फोन लावला. तिकडचा माणूस म्हणाला, "अठ्ठेचाळीस पॉइंट आठ. का बरं?" मी फोन ठेवला. चौबेजी कानाला हात लावून म्हणाले, "ये आदमी है कि मीटर है?"

पंख्याच्या घरघरीवरून, ट्यूबच्या चोकच्या गुणगुणीवरून त्यांना कळायचं. बाजारात, लग्नाच्या मांडवात, माझ्या वर्गाच्या दारात उभे असतानासुद्धा मान कलायची.

मी एकदा सातवीची पोरं घेऊन कंट्रोल रूम बघायला गेले. बाहेर इतका आवाज की कान फाटावेत, आणि दार बंद केलं की आत एकदम शांत, गार. भिंतभर मीटर, दिवे, स्विच. मी दारातच थबकले. हे मी पाहिलेलं होतं. दर रविवारी पाहत होते. आणि मधोमध खुर्चीत कप्तानबाईच्या जागी मेश्राम साहेब, दोन पेनं लावून. त्यांनी पोरांना फ्रिक्वेन्सीची, म्हणजे वीज सेकंदाला किती वेळा हेलकावते त्याची, एक सुई दाखवली. "ही पन्नासावर राहिली पाहिजे. खाली गेली की समजायचं, मागणी जास्त, वीज कमी. फार खाली गेली तं एकामागून एक सगळे संच बंद पडतीन. नागपूर, अमरावती, अकोला, सगळा अंधार." एका पोरीनं विचारलं, मग तुम्ही काय करता? "लोड टाकतो. म्हणजे कोण्या तरी गावाची लाईन बंद करतो, बाकीच्यायची वाचावी म्हणून."

"कोणाची?" पोरगी म्हणाली.

"यादी असते. पाळीपाळीनं." मग म्हणाले, "पण हात आपलाच असते."

त्या दिवशी घरी येताना एकच गोष्ट डोक्यात होती. ज्या माणसाच्या घरचा चहा मी पाच रविवार नाकारला त्याच्या हातात एवढं सगळं होतं.

'दिवा' संपायला आला. शेवटच्या भागाची जाहिरात आठवडाभर आधीपासून होत होती. गोष्ट इथवर आली होती: सहा जणांना घरी न्यायला अखेर जहाज येतं. इतकी वर्षं वाट पाहिलेलं. पण त्यांच्या जागी यायची माणसं मागच्या जहाजात आहेत आणि ते जहाज कुठं आहे कोणाला माहीत नाही. हे जहाज थांबायला तयार नाही. जायचं तर दिवा बंद करून जावं लागणार. कप्तानबाई काय करते?

मेश्राम साहेबांनी महिनाभर आधी पाळी बदलून घेतली होती. शनिवारी त्यांच्याशी पाळी बदललेल्या साहेबांची सासू वारली. मेश्राम साहेब संध्याकाळी माझ्याकडं आले. एवढा पडलेला चेहरा मी त्यांचा पाहिला नव्हता.

"बाई, तुम्ही पहा. मले मंग सांगा. या खेपेस एकही गोष्ट सोडू नका. ती काय करते ते मले समजलं पाहिजे."

मी वचन दिलं. खरंच दिलं, हातात हात देऊन.

रविवारी त्यांच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. खिडकीबाहेर माणसं, ओट्यावर माणसं. मी टीव्हीला चिकटून बसलेली. शेवटची दोन मिनिटं राहिली असतील. पाच जण जहाजात जाऊन बसलेत. कप्तानबाई एकटी दिव्यापाशी. तिचा हात वर येतो, मुठीत स्विच. ती डोळे मिटते.

आणि लाईट गेली.

पडद्यावर एक ठिपका राहिला, तोही विझला. पंखा फिरत फिरत थांबला. मग भोयर म्हणाले, "येईन आता." आम्ही पाऊण तास तसेच बसलो. आली तेव्हा शेतीचा कार्यक्रम लागला होता.

तीन वाजता मेश्राम साहेब सायकलवरून आले. अख्खी रांग ओट्यांवर बसलेली. ते खाली उतरले आणि कोणी विचारायच्या आत म्हणाले, "मीच बंद केली. लोड टाका म्हणून हुकूम आला होता." आणि आत निघून गेले.

हुकूम आला म्हटल्यावर कोणी काही म्हणालं नसतं. पण सोमवारी चौबेजी यादी बघून आले. "नंबर अपना था ही नहीं. उस दिन तालुक्याची लाईन जायची होती. साहबनं यादी मोडून आपली कॉलनी बंद केली. मेमो भी मिला है उनको."

झालं. मला बघायला मिळत नाही तर कोणालाच नको, असं त्यांनी केलं, ही गोष्ट संध्याकाळपर्यंत घरोघर गेली. मग त्यात आणखी शब्द मिसळले. नळावर एक बाई म्हणाली, "शेवटी आडनावावर गेला." आणि दोघी-तिघी हसल्या. मी बादली भरत उभी होते. मी काही बोलले नाही. आज हे लिहिताना मला माझीच लाज वाटते, पण तेव्हा मी इतकी चिडलेली होते की मनातल्या मनात मलाही ते पटलं. मी वचन दिलं होतं, ते मोडायला त्यांनीच लावलं, असं मला वाटत होतं.

पुढच्या रविवारी त्यांच्याकडं कोणी गेलं नाही. दहा वाजता त्यांचं दार उघडं होतं. आत दरी टाकलेली, शटर सरकवलेलं, दुसरीच कुठली मालिका चाललेली आणि नवरा-बायको दोघंच बसलेली. त्याच्या पुढच्या रविवारीही तसंच. दार उघडं, दरी टाकलेली. मी माझ्या खिडकीतून बघायची आणि पडदा ओढून घ्यायची. ते रस्त्यात भेटले तर नमस्कार करत, मी मान फिरवायची. स्वतःहून त्यांनी एका शब्दानं खुलासा केला नाही.

महिना उलटून गेला. एक दिवस सकाळी नथ्थूजी दूधवाले आले, दुधाबरोबर पेढे घेऊन. नातू झाला म्हणाले.

"लय जीवावरचं होतं जी. पोट फाडून काढलं. तालुक्याच्या दवाखान्यात नेलं होतं इतवारी सकाळी. तो तुमचा टीव्हीचा कार्यक्रम होता ना, त्याच दिवशी."

मी पेढा हातात धरून उभी.

"देवाची कृपा पहा. तिथं हर इतवारी लाईन जाते, त्या दिवशी गेली नाही. जनरेटर तं केव्हाचा बिघडून पडला. मेश्राम साहेब सकाळी गेटावर भेटले होते. त्यायले सांगितलं, सुनेले दवाखान्यात नेलं म्हणून. ते जनरेटरचंच पुसत होते. का बाप्पा काहून."

नथ्थूजींना काहीही माहीत नव्हतं. ते पुढच्या घरी पेढे द्यायला गेले. माझ्या हातातलं दुधाचं पातेलं कधी खाली ठेवलं मला आठवत नाही. मी तशीच, घरातल्या साडीत, मेश्राम साहेबांच्या दारात गेले. ते बूट पुसत बसले होते.

"तुम्ही सांगितलं का नाही?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि ते समजले. "लॉगबुकात लिहिलं आहे," ते म्हणाले. "ज्याले वाचायचं त्यानं वाचावं."

"लॉगबुक कोण वाचतं? आम्ही महिनाभर तुम्हाला काय काय म्हणालो ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे." बुटाला ब्रश चालूच. "अन् सांगितलं असतं तं काय झालं असतं? त्या पोरीचं बाळंतपण नळावर गेलं असतं. अन् उद्यापासून जो तो मले गेटावर धरून म्हणला असता, साहेब, आमच्या घरी बिमार आहे, आमची लाईन नका टाकू. मंग मी यादी कशाले ठेवू?"

"पण शेवटचा भाग तुम्हालाही..."

"मी तं तसाही पाहणार नव्हतो." मग ब्रश थांबला. "तुमचं दोन मिनिटांनी चुकलं, त्याचं वाईट वाटलं. हुकूम आला तेव्हा घड्याळाकडं पाहिलं मी. वाटलं, दोन मिनिटं थांबावं. पण सुई थांबत नाही, बाई."

मला रडू आलं. मेश्रामबाई आतून पाणी घेऊन आल्या. मी म्हटलं, पाणी नको, चहा टाका.

त्या रविवारी मी भोयर आणि चौबेजींना हाताला धरून नेलं. चौबेजी दारातच हात जोडून म्हणाले, "साहब, हम से गलती हुई." मेश्राम साहेब म्हणाले, "बसा जी, दरी टाकलीच आहे." बाकीची रांगही हळूहळू आली, सगळी नाही. नळावरची ती बाई कधीच आली नाही. तिला मी पुढं जे काही सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

राहता राहिला शेवट. नागपुरात ज्यांच्याकडं लाईट होती त्यांना आम्ही विचारत सुटलो. माझ्या मावसबहिणीनं सांगितलं की सगळे मेले. सीताबर्डीवरच्या एका कापडवाल्यानं छातीठोक सांगितलं की कप्तानबाईनं डॉक्टरशी लग्न केलं. एका प्राध्यापकांनी दिवा विझला म्हणून सांगितलं, त्यांच्या बायकोनं तिथंच ते खोडून काढलं. मी सगळे शेवट मेश्राम साहेबांना नेऊन दिले. त्यांनी एकही रजिस्टरमध्ये उतरवला नाही.

"ऐकीव आहे. लॉगबुकात ऐकीव चालत नाही."

"मग मी सांगत होते ते ऐकीव नव्हतं का?"

"तुमचं वेगळं. तुम्ही ड्यूटीवर होता."

यानंतर तीस वर्षं गेली असं एका ओळीत लिहिता येतं, एवढंच. बदल्या झाल्या, कॉलनी सुटली, माझे यजमान गेले. भोयर सावनेरकडं शेतावर गेले, चौबेजी नागपुरातच राहिले, मेश्राम साहेबांची तर कित्येक वर्षं भेट नव्हती. आम्ही तिघं मात्र दिव्यामुळं एकमेकांना धरून राहिलो. भेटलो की एकेक भाग आठवायचो आणि 'ती काय करते'वर येऊन थांबायचो. मग चौबेजींच्या मुलीनं परदेशातून ती मालिका धुंडाळून काढली आणि शेवटचा भाग पाठवला. चौबेजींनी मला फोन केला. म्हणाले, "बाई, आ गया. मैंने नहीं देखा. साहब के बिना कैसे देखें?"

आम्ही एका रविवारी, दहाच्या सुमारास, उत्तर नागपुरातल्या मेश्राम साहेबांच्या घरी गेलो. भोयरांनी संत्र्यांची पिशवी आणली होती. मेश्रामबाईंनी दार उघडलं. आत दरी टाकलेली होती. मेश्राम साहेब खुर्चीत, पंच्याहत्तरीचे, सुकलेले, खिशाला अजून दोन पेनं. डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं. काचबिंदूनं खाल्लं होतं. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. मी दारातच थांबले.

"या बाई," ते म्हणाले. "तुमची जागा ठेवली आहे."

चौबेजींनी लॅपटॉप लावला. मी शेजारी बसले आणि सांगू लागले. एकही गोष्ट सोडली नाही. जहाज कोणत्या बाजूनं आलं, खिडकीबाहेर काय होतं, कोण कुठं उभं होतं. बासष्टाव्या वर्षी मी पुन्हा ड्यूटीवर होते. पाच जण जहाजात गेले. कप्तानबाई एकटी. हात वर आला. डोळे मिटले. इथं लाईट गेली होती. भोयर सरकून पुढं आले.

"आता हात स्विचवर आहे," मी म्हटलं. "डोळे उघडले. ती जहाजाकडं बघतेय. जहाजातून कोणीतरी म्हणतं, चला, वेळ झाली. ती हात खाली घेते. स्विच न ओढता. ती म्हणते, तुम्ही निघा. जहाज सुटलं. ती काचेतून बघतेय. लहान होत गेलं. दिसेनासं झालं. आता ती वळली. खुर्ची ओढली. बसली. वही उघडून काहीतरी लिहितेय. बाहेर दिवा. संपलं."

मेश्राम साहेबांनी विचारलं, "रिलिव्हर नाही आला म्हणता तिचा?"

"नाही आला."

"मंग बसावंच लागते," ते म्हणाले. मेश्रामबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

मग त्यांनी बायकोकडून रजिस्टर मागवलं. मेश्रामबाईंनी शेवटचं लिहिलेलं पान उघडलं. वर त्या रविवारची नोंद, त्यांच्या अक्षरात: 'कॉलनीची लाईन बंद केली. पुढचं माहीत नाही.' खाली तीस वर्षं कोरी ठेवलेली जागा. मला म्हणाले, "लिहा. वेळ आधी." मी वेळ लिहिली, सगळं लिहिलं, डावीकडं सही केली. त्यांचं बोट धरून उजवीकडच्या जागेवर ठेवलं. निळं पेन काढून त्यांनी सही केली. रेघ सोडून तिरपी गेली, पण पूर्ण केली.

निघताना ते फाटकापर्यंत आले, मेश्रामबाईंच्या खांद्यावर हात ठेवून. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. चार महिन्यांनी ते गेले. त्या दिवशी भोयर आणि चौबेजी आधीच रिक्षात बसले होते. मी वळून पाहिलं. फाटकाशेजारी विजेचा खांब होता, त्यावर गुणगुणणारी ट्यूब, कोणी दिवसा बंद करायची विसरलेली. मेश्राम साहेबांची मान तिच्याकडं कलली होती.

"काय म्हणते लाईन?" मी विचारलं.

"पन्नास," ते म्हणाले. "बिनघोर जा, बाई. मी बसलो आहे."